टरफलं कोणी उचलली?

बागेत कचरा करणारा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. कचरा मात्र सगळ्यांनी पाहिलेला आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही बागेत जा आणि एखाद्या बाकाखाली वाकून बघा. वेफर्सचं पाकीट, दोन घोट शिल्लक असलेली पाण्याची बाटली, दाणे संपलेलं कणीस, आइस्क्रीमची काडी आणि एका पायातला लहान मोजा. बाकावरच्या गृहस्थांना विचारा. ते पाय वर घेतील, खाली बघतील आणि म्हणतील, "आम्ही आलो तेव्हा होतंच हे." ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या आधी जे बसले होते ते आले तेव्हाही होतंच. असं मागे मागे जात राहिलं, तर सवाई माधवराव पहिल्यांदा फिरायला आले तेव्हाही वेफर्सचं पाकीट बाकाखाली होतंच, इथपर्यंत पोहोचता येतं.

मी या विषयाचा अभ्यास एका बाकावर बसून केलेला आहे. बागेचं नाव सांगत नाही. पुण्यात लहानमोठ्या धरून दोनशेहून अधिक बागा आहेत. ज्याला जी आपली वाटेल ती त्याने घ्यावी. अभ्यासाअंती एवढं कळलं की सुशिक्षित माणूस कचरा टाकत नाही, तो जपून ठेवतो. एक गृहस्थ नेहमी येतात. ते वेफर्स संपवतात, पाकिटाच्या तळाचा चुरा तळहातावर घेऊन तोंडात टाकतात, मग पाकिटाची मधोमध घडी घालतात, घडीची पुन्हा घडी घालतात आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात. मग कचरापेटी शोधतात. शोध म्हणजे मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कचरापेटी वीस पावलांवर, पण पाठीमागे असते आणि मान तेवढी वळत नाही. तेव्हा ते ती घडी बाकाच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत सरकवतात आणि वर आलेलं टोक बोटाने आत दाबतात. कामावर असा जीव लावणारी माणसं आता कमी राहिली आहेत.

फटी भरल्या की मेंदीचं कुंपण. बागेतल्या मेंदीच्या कुंपणाची उंची माळी ठरवतो असा आपला समज आहे; जाडी लोक ठरवतात. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी होते तेव्हा मी मुद्दाम बघायला जातो. वरच्या थरात या उन्हाळ्यातली सरबतांची पाकिटं. त्याखाली मास्क, म्हणजे 2020 ते 2022. त्याच्याही खाली ज्यांच्या जाहिराती आता कुणाला आठवत नाहीत अशा चॉकलेटांची वेष्टनं, रंग अजून ताजे. डेक्कन कॉलेजने एखादा विद्यार्थी पाठवायला हरकत नाही.

आता कचरापेट्या. बागेतल्या कचरापेट्यांचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर पहिलं प्रकरण पेंग्विनचं होईल. फायबरचा, गळ्याशी बो लावलेला, चोच वासून उभा, पोटावर 'यूज मी' लिहिलेला. मुंबईला राणीच्या बागेत खरे हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली आले आणि 2017च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. तोवर महाराष्ट्रातल्या पोरांच्या काही पिढ्यांना पेंग्विन हा केळीच्या सालींवर जगणारा पक्षी आहे, हे पक्कं ठाऊक झालेलं होतं. भायखळ्याला काचेसमोर उभं राहून "बाबा, याच्या तोंडात काय टाकायचं?" असं विचारणाऱ्या मुलाला बाप रागावला असेल, पण चूक मुलाची नव्हती.

पेंग्विननंतर ससा आला. सशाची गंमत अशी की आया त्याचा उपयोग जेवण भरवण्यासाठी करतात. "हा घास सशाचा" म्हटलं की आमचं पोर तो घास उचलून खरोखरच सशाच्या तोंडात टाकतं. हळूहळू सगळा पराठा सशाच्या पोटात जातो आणि रिकामा फॉइलचा बोळा हिरवळीवर राहतो. त्यामुळे बागेतला ससा गुटगुटीत आणि पोर सडपातळ, असं दृश्य जागोजागी दिसतं.

मग प्राण्यांचा जमाना संपला आणि रंगांचा आला. 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे तीन वर्ग पाडले : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. हिरवा डबा ओल्याला, निळा सुक्याला. घरात हे जमतं. घरात एक कुणीतरी असतं, बहुधा सासूबाई, ज्यांना विचारल्याशिवाय चहाचा चोथासुद्धा हलत नाही. बागेत सासूबाई नसतात. एका हातात भेळ, दुसऱ्यात फोन, खांद्यावर पोर अशा अवस्थेतला माणूस दोन रंगांच्या डब्यांपुढे येऊन उभा राहतो आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण पेपर सुरू होतो.

भेळेचा कागद ओला की सुका?

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या बागेत या प्रश्नावर एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडलेली आहे. निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "कागद म्हणजे सुका. त्यात विचारायचं काय?"

"पण काका, त्याला चटणी लागलीये," लॅब्राडोरवाल्या वहिनी म्हणाल्या.

"चटणीचं प्रमाण किती? पाच टक्के? दहा टक्के?"

"चिंचेची आहे. मुरते."

त्यावर ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस, जे बोलण्यापूर्वी नेहमी चष्मा पुसतात, त्यांनी चष्मा पुसला. "चटणी कागदात पूर्णपणे मुरली असेल, तर मूळ कागद आता अस्तित्वात नाही."

"मग हातात आहे ते काय आहे?"

"चटणी."

बँक अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं नाही. चर्चा पुढे शहाळ्यावर गेली. शहाळं आतून ओलं, बाहेरून सुकं आणि कुजायला इतकं सवडीने घेतं की खड्ड्यात घातलेलं शहाळं बघता बघता माळ्याची बदली होते. तिथून चहाच्या कागदी कपावर आली. हा कप कागदाचा दिसतो, पण चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचं पातळ अस्तर असतं. म्हणजे बाहेरून रद्दीत जावा, तर आतलं अस्तर रद्दीवाल्याला नको. खतात जावा, तर तेही नाही. "हा कप फसवा आहे," वहिनी म्हणाल्या आणि हातातल्या कपाकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की त्या दिवशी कुणी दुसरा चहा मागवला नाही. चर्चेचा मूळ विषय जो भेळेचा कागद, तो एव्हाना दोन डब्यांच्या मधोमध जमिनीवर विसावलेला होता. ही जागा बघून ठेवा. हिरव्या-निळ्याच्या मधली ही वीतभर जमीन म्हणजे ज्यांचं मत अजून बनलेलं नाही अशा लोकांची कचरापेटी. ती सगळ्यात आधी भरते.

ज्यांना या वादात पडायचं नसतं, ते दुसरं टोक गाठतात. "काय उपयोग वेगळं करून? शेवटी सगळं एकाच गाडीत जातं." हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक मेव्हणा असतो आणि त्या मेव्हण्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एकदा फाटकाशी कचऱ्याची गाडी उभी असताना मी तिच्या मागच्या बाजूने डोकावलो. मधे पत्रा होता. एका बाजूला ओला, एका बाजूला सुका. मी ही बातमी उत्साहाने चिटणिसांना दिली. त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्या वाक्याच्या आधारावर माणूस उभा आहे, तो आधार असा भर रस्त्यात काढून घेऊ नये, हे मला कळायला हवं होतं. पण ते सावरले. चष्मा पुसून म्हणाले, "पुढे कुठेतरी एकत्र करत असतील."

या सगळ्याच्या मुळाशी आपलं शिक्षण आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने एक ऑगस्टला शाळेत भाषण ठोकलेलं असतं किंवा ऐकलेलं असतं. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली, मास्तर सगळ्यांना म्हणतात उचला, आणि छोटा बाळ ताठ उभा राहून सांगतो की मी शेंगा खाल्लेल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. इथे टाळ्या. लोकमान्यांच्या चरित्रातलं बाकीचं, म्हणजे 'केसरी', मंडाले, 'गीतारहस्य', हे परीक्षेपुरतं. टरफलं मात्र हाडीमांशी खिळली. त्या वाक्यात अन्यायाविरुद्धची चीड होती, हे खरं. पण ती चीड मागे पडली आणि आपण घेतलं ते एवढंच की टरफलं न उचलणं बाणेदारपणाचं असतं. आज बागेत रोज संध्याकाळी शेकडो बाणेदार माणसं जमतात. त्यातल्या एकानेही शेंगा खाल्लेल्या नसतात.

मला त्या गोष्टीत लहानपणापासून एक वेगळीच शंका आहे. भाषण टाळ्यांवर संपतं. पण टरफलं वर्गातच आहेत ना? मास्तर चिडलेले, बाळ बाणेदार, बाकीची मुलं अवाक्. मग शेवटी ती उचलली कोणी? चरित्रकारांनी हा धागा सोडून दिलेला आहे. वक्तृत्व स्पर्धेत हे विचारलं असतं, तर मला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं.

असो. कायद्याकडे येऊ. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना 2018च्या मार्चमध्ये निघाली आणि जूनमध्ये दंड सुरू झाला : पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या जूनमध्ये सभ्य घरांतली माणसं पिशव्यांच्या पिशव्या अंधार पडल्यावर बागेत आणून सोडत होती. पूर्वी मांजरं सोडायचे तशी. 2022च्या जुलैपासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली आणि शहाळ्यातली स्ट्रॉ कागदाची झाली. ती अर्ध्या शहाळ्यापर्यंत टिकते. उरलेलं अर्धं माणूस मान मागे टाकून तोंडाला लावतो आणि सदरा ओला करून घेतो.

गुटखा तर त्याच्याही आधीपासून, 2012पासून राज्यात बंद आहे. तेव्हा बागेतल्या कारंज्याभोवती ज्या चकचकीत पुड्या दिसतात त्या गुटख्याच्या असू शकत नाहीत. नसतातही. एक पुडी सुगंधी मसाल्याची असते, दुसरी तंबाखूची. माणूस दोन्ही विकत घेतो आणि स्वतःच्या हाताने एकत्र करतो. पूर्वी जिथे एक पुडी पडायची तिथे आता दोन पडतात. उगमाशीच वर्गीकरण करा म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्यावं. या देशात दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवून देणारा हाच एक धंदा आहे.

कुत्र्यांचा विषय मी टाळणार होतो, पण वहिनींचा उल्लेख आलाच आहे. त्यांच्याकडे एक छोटी फावडी आहे आणि पिशव्यांचं भेंडोळंही आहे. दोन्ही पट्ट्याला लटकवलेलं असतं. ते कायम नवंकोरं दिसतं. "आमचा बाहेर करत नाही," त्या सांगतात. लॅब्राडोर त्या वेळी दुसरीकडे बघत असतो.

पण नियमकर्त्यांच्या हातून खरी गोष्ट राहून गेली ती चौथ्या वर्गाची. ओला, सुका, घातक झालं. पण जो कचरा उघड उघड कचरा आहे आणि तरी त्याला कचरा म्हटलं तर पाप लागेल, त्याचं काय? आमच्या बागेच्या कोपऱ्यात पिंपळ आहे. त्याच्या पारावर जाऊन बघा. काच तडकलेली दत्ताची तसबीर. मागच्या सालचं कॅलेंडर, डिसेंबरच्या पानावर लक्ष्मी. हात निखळलेला शाडूचा बाळकृष्ण. तुटलेली जपमाळ, रंग गेलेलं आसन, तीन राख्या, एक नारळ. उदबत्तीचे रिकामे पुडे, कारण पुड्यावर साईबाबा आहेत. आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिकांनी या राज्यातल्या पुनर्वापराचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुणीच केलेलं नसेल. जाड पुठ्ठा, त्यावर मखमल, मखमलीवर सोनेरी वर्ख आणि सगळ्यात वर गणपती. रद्दीवाल्याला द्यावी तर वर गणपती, पारावर ठेवावी तर खाली आख्खं खानदान. जाणत्या बायका यावर तोडगा काढतात. कात्रीने गणपती गोल कापून घेतात. तो पिंपळाखाली जातो आणि उरलेले वधूवर आईवडील, आत्या, मामा आणि 'लगीनघाई'वाल्या चिमुकल्यांसकट रद्दीत जायला मोकळे होतात.

हे सगळं ठेवायला येणारा माणूस ओळखू येतो. दिवेलागणीला येतो, अंघोळ करून आल्यासारखा दिसतो, हातात पिशवी असते. ओळखीचं कुणी भेटलं तर पिशवी पाठीमागे जाते. पाराशी पोहोचल्यावर तो तसबीर खोडाला टेकवतो, सरळ आहे की नाही बघतो, नमस्कार करतो आणि मागे न बघता झपाझप निघतो. प्लास्टिकची पिशवी तिथेच राहते. तीही आता देवाची झालेली असते.

यासाठी 'निर्माल्य कलश' नावाची सोय असते. मोठा कलशाच्या आकाराचा डबा, त्यात फुलं टाका, पुढे खत होईल. फुलं येतात. पण गणपतीचा हार येतो तो पिशवीत बांधून, पिशवीला गाठ, गाठीवर गाठ, मग सबंध पुडकं कलशात. खत करणाऱ्याने आधी गाठी सोडवायच्या. हारातसुद्धा आता दोरा नायलॉनचा आणि मधे थर्माकोलचे मणी. फुलं महिन्यात माती होतात. मणी पुढच्या गणपतीला ओळखीचे वाटतात.

माळ्याची यात सगळ्यात पंचाईत होते. पारावरचे देव त्याला जाळता येत नाहीत, टाकता येत नाहीत, झाडताही येत नाहीत. मग तो ते ओळीने लावून ठेवतो. नीट लावलेले देव दिसले की कुणीतरी पणती लावतं. पणती दिसली की कुणीतरी हळदकुंकू वाहतं. आमच्या पाराला मागच्या श्रावणात घंटा आली. आता तेवढा भाग झाडायला माळी चपला काढून जातो. गंमत अशी की बागेच्या मागच्या भिंतीवर लोकांनी थुंकू नये म्हणून कुणीतरी याच देवांच्या फरशा बसवलेल्या आहेत. म्हणजे तरुण देव कचरा अडवतात आणि निवृत्त देव कचऱ्यात येतात. मधल्या वयात ते कॅलेंडरवर असतात.

पाचोळ्याची तऱ्हा याच्या उलट. जो मुळात कचरा नाही, त्याला सगळे कचरा म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की चिटणिसांचा अर्ज तयार होतो : बागेत अस्वच्छता पसरली आहे. अस्वच्छता म्हणजे पानं. वेफर्सच्या पाकिटांवर पाय ठेवून माणूस पिंपळाच्या पानांबद्दल तक्रार करतो. एकाने तर पर्जन्यवृक्ष "फार कचरा करतो" म्हणून तोडण्याची सूचना मांडली होती. झाडाला समज देऊन बघावी, असंही एक मत आलं.

पूर्वी माळी पाचोळ्याला काडी लावायचा आणि सगळी आळी खोकायची. राष्ट्रीय हरित लवादाने 2016च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. साधा जाळ असला तर पाच हजार, मोठा असला तर पंचवीस हजार दंड. शिवाय बागेतला पाचोळा शक्यतो बागेतच जिरवावा, असं त्याच सालच्या नियमांत आहे. खरं तर पाचोळ्याइतका गुणी माल नाही. ढीग करायचा, ओल ठेवायची आणि वाट बघायची. बाकीचं तो स्वतः बघतो. पुण्यात तर 'ब्राउन लीफ' या नावाने लोकांनी पाचोळ्याची देवाणघेवाण सुरू केली. ज्याच्या दारात झाड आहे त्याने पानं पोत्यात भरायची, ज्याच्या गच्चीत कुंड्या आहेत त्याने ती घेऊन जायची. माझ्या माहितीत एका घरी सून पानं द्यायला उत्सुक होती आणि सासू "आपल्या झाडाची पानं परक्याला कशाला?" म्हणून पोत्यावर बसून राहिली. आदल्या दिवसापर्यंत हीच बाई झाडाला शिव्या घालत होती.

पाचोळ्याला किंमत येते ती अभियानात. 2014 साली दिल्लीत एके ठिकाणी पुढारी झाडायला यायच्या आधी स्वच्छ फरशीवर पानं आणून पसरल्याचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले होते. लोक त्याला हसले. मी हसलो नाही. आमच्याकडे दोन ऑक्टोबरला बागेची सफाई असते आणि माळी आदल्या दिवशी बाग लख्ख झाडून ठेवतो, कारण मोठी माणसं यायची आहेत. मग मोठी माणसं नवे झाडू घेऊन येतात आणि झाडायला काही सापडत नाही. गेल्या खेपेला चौघांनी एका पानाभोवती उभं राहून फोटो काढला. कार्यक्रमानंतर चहा आणि वडापाव झाला. दुपारी माळ्याने पुन्हा बाग झाडली.

या सगळ्या गर्दीत कचरा खरोखर समजणारी एकच व्यक्ती आहे आणि तिला कुठल्याच बैठकीचं बोलावणं नसतं. सकाळी सातच्या आत मावशी येते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली, बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी होती. संघटनेच्या नावातच माल वेगळा करून ठेवलेला, 2016चे नियम यायच्या तेवीस वर्षं आधी. पुढे 2008 साली पालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदार जाऊन कचरा घेऊ लागली. तीन हजारांहून जास्त सभासद, त्यात बायकाच जास्त. आमची मावशी त्यातलीच. वस्ती उरकून ती बागेच्या डब्यांवर एक फेरी मारते.

तिचं काम बघण्यासारखं असतं. बाटली उचलली की ती आधी उरलेलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतते. मग झाकण पिळून काढते. झाकण एका पिशवीत, बाटली दुसरीत, कारण दोघांचं प्लास्टिक वेगळं, भाव वेगळा. बाटली टाचेखाली चपटी करते. पाकीट असलं तर डोळ्यांपेक्षा कानाने ओळखते. बोटांत चुरगळते आणि आवाज ऐकते. कडक वाजलं तर एकीकडे, मऊ राहिलं तर एकीकडे. वेफर्सचं पाकीट कर्कश वाजतं. ते ती बघतसुद्धा नाही, सरळ मागे टाकते. "ह्याला कोनी घेत न्हाई." आत चकचकीत थर, बाहेर प्लास्टिक, मधे आणखी काही, एकमेकांना असे चिकटलेले की सोडवायला जाणारा दिवाळखोर व्हावा. माणसाने घडीवर नख फिरवून इतक्या प्रेमाने जपलेल्या वस्तूची बाजारात ही पत.

मी तिला विचारलं, "मावशी, ओला-सुका ओळखता कसा हो?"

"ओला-सुका तुमचा," ती म्हणाली. "आमचं दोनच. इकतं ते, आन् इकत न्हाई ते."

सरकारचे तीन वर्ग, चिटणिसांचे अगणित आणि हिचे दोन. हिच्या दोनांत सगळं बसतं. मग मी तो प्रश्न विचारलाच. भेळेचा कागद?

"त्यो कुत्र्याचा."

प्रश्न असा सुटतो. ही माहिती मी संध्याकाळी कट्ट्यावर सांगितली. बँक अधिकाऱ्यांनी, कुत्रा हा नियमांत अंतर्भूत आहे का, असा मुद्दा उपस्थित केला.

गेल्या महिन्यात बागेला डब्यांची नवी जोडी मंजूर झाली आणि ती ठेवायची कुठे यासाठी कट्ट्यावर बैठक बसली. बाकांजवळ ठेवा, ही पहिली सूचना. सर्वांना पसंत, फक्त आपल्या बाकाजवळ नको. हास्यक्लबच्या वर्तुळाशेजारी? 1995 साली मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी पहिला हास्यक्लब काढल्यापासून या मंडळींना दीर्घ श्वास लागतो. कचऱ्याच्या वासात ओढलेला श्वास हसण्यापर्यंत पोहोचत नाही, असं त्यांनी सांगितलं. योगवाल्यांनी शवासनाचं कारण दिलं. मुलांच्या घसरगुंडीजवळ आयांनी नको म्हटलं, फाटकाशी ठेवला तर येणाऱ्याला प्रथम तोच दिसेल, आणि पिंपळाजवळ तर आता देऊळ आहे. बागेचा एकेक कोपरा असा पवित्र, आरोग्यदायी किंवा देखणा ठरत गेला. अखेर एकमताने जागा निघाली : मुतारीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, जिथे कुणीही जात नाही.

डबे तिथे रवाना झाले. अर्थातच ते रिकामे राहिले. बागेतली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे त्या डब्यांचा आतला भाग. महिनाभरात वस्तीतल्या पोरांना त्यांचा शोध लागला. निळा डबा उंचीने थेट स्टंपाएवढा होता. हिरवा दुसऱ्या टोकाला नेला, खेळपट्टी तयार झाली. नियम ठरले : डब्याला बॉल लागला तर आउट, टप्पा न पडता डब्यात गेला तर सहा.

परवा एकाने उंच मारला आणि बॉल सरळ निळ्या डब्यात. डबा आता रिकामा राहिलेला नव्हता. खेळणाऱ्यांनीच त्यात बाटल्या टाकायला सुरुवात केली होती. झालं. मारणारा म्हणाला, मी सहा मारले, मी कशाला काढू? बॉलर म्हणाला, तू मारलास, तू काढ. बाकीचे म्हणाले, आम्ही तर फिल्डिंगला होतो. पोरं शाळेत जाणारी दिसत होती.

मावशी तिकडूनच चालली होती. "मावशी, बॉल!" सगळे एका सुरात ओरडले. तिने डब्यात हात घातला, आधी चार बाटल्या काढून पोत्यात टाकल्या, मग बॉल काढला, बोटांनी दाबून बघितला, कानाशी नेला.

"पलास्टिकचा हाय का रबरी?"

"रबरी, मावशी, रबरी!"

रबराला भाव नाही. म्हणून मिळाला.